एका फेऱ्याची कसर

बस डेपोत रेघवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं कोणालाच आठवत नाही. पगार वाटणारा कारकूनसुद्धा "रेघवाले, सही करा" असंच म्हणायचा. नाव पडलं ते त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून. फिटरने नट आवळायचा आणि आवळून झाला की बारीक ब्रशाने त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनच कळतं की इथे काहीतरी हललंय. ही पद्धत काही रेघवाल्यांनी शोधून काढलेली नव्हती. पण बाकीचे ती नोकरी म्हणून पाळायचे आणि हे व्रत घेतल्यासारखी पाळायचे. रेघ नसलेली बस फाटकाबाहेर जाणार नाही म्हणजे नाही, मग मॅनेजरने कपाळ बडवून घेतलं तरी चालेल.

घरीही तेच. खिडकीच्या बिजागऱ्या, शिवणयंत्र, कुकरची मूठ, जिथे म्हणून स्क्रू होता तिथे पिवळी रेघ होती. बायको म्हणायची, एक दिवस माझ्याही कपाळावर ओढाल, हलले की कळायला.

निवृत्त झाल्यावर माणसाने शांत व्हावं अशी जगाची अपेक्षा असते. रेघवाल्यांचं उलटंच झालं. हात रिकामे पडले आणि हातांतलं सगळं बळ जिभेत येऊन बसलं. त्यातच लेकीचं लग्न मोडलं.

मोडलं म्हणजे तिनेच मोडलं. सगळं ठरलेलं, नातेवाइकांना कळवून झालेलं, आणि एका संध्याकाळी कामावरून आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली की मी हे लग्न करणार नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि रेघवाल्यांनी विचारलं नाही. विचारायचं सोडून, घरात तिचे काका आणि आत्या बसलेले असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हिच्या हातून आजवर एक काम धड झालेलं नाही."

आता ही मुलगी परिचारिका. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुणं, सुया देणं, त्यांना कुशीवर वळवणं हे तिचं काम. तिच्या हातांवर परक्या माणसांचा जीव टिकून होता, आणि सख्खा बाप चारचौघांत त्या हातांना नावं ठेवत होता. ते वाक्य तिला लागलं. लागावं म्हणूनच तर ते बोललं गेलं होतं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

एका घरात राहून न बोलणं हे सोपं काम नाही. त्याला तिसरं माणूस लागतं. इथे ते काम आईकडे आलं. लेक पाठमोरी उभी राहून म्हणायची, आई, यांना विचार, गोळी घेतली का. यांनी ते ऐकलेलं असायचं, तरी आईने पुन्हा विचारेपर्यंत ते छताकडे बघत बसायचे. मग म्हणायचे, तिला सांग, घेतली. पोस्टमन निदान संध्याकाळी घरी जातो, या बाईला तीही सोय नव्हती. दोघांपैकी एकाने तरी माघार घ्यावी म्हणून तिने बरेच उपाय केले, पण खाण तशी माती. शेवटी तिने नाद सोडला आणि निरोप पोचवत राहिली.

अशा घरात ती सायकल आली.

लेकीने ती भंगारवाल्याकडून उचलली होती. संध्याकाळी ती ढकलत आणली तेव्हा पुढचं चाक दर फेऱ्याला कण्हत होतं. बायकांची जुनी सायकल, मधला दांडा खाली वाकवलेला, मडगार्डवर गंजाचे चट्टे, सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा. पण चौकट सरळ होती आणि पुढचं चाक धरणारा चिमटा तर नव्यासारखा. हँडलला ब्रेकच नव्हते. उलटं पेडल दाबलं की मागचं चाक जागच्या जागी थांबायचं, असा तो जुना प्रकार. लेकीला ती रोजच्या फेरीसाठी हवी होती. तिचे बरेचसे रुग्ण गोदामाच्या उताराखालच्या वस्तीत राहायचे, तिथल्या गल्ल्यांत बस शिरत नाही, आणि पिशवी खांद्याला लावून चालून चालून तिची पाठ धरायची.

मागच्या व्हरांड्यात जुनी चादर अंथरून ती रोज संध्याकाळी सायकल खोलायला बसू लागली. आतल्या खोलीत रेघवाले वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे आणि एकही ओळ न वाचता बाहेरचा आवाज ऐकायचे. घासपेपरची खरखर, रॉकेलच्या डब्यात पडणाऱ्या छऱ्यांची टिकटिक, चेनचा खळखळाट. पाना नटावरून सटकला की वर्तमानपत्र किंचित खाली यायचं. उठावं, तिच्या हातातला पाना घ्यावा, असा धर, म्हणावं, एवढं त्यांना रोज वाटायचं. पण उठायचं तर बोलावं लागलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभसुद्धा अजून शाबूत होता.

मग ते सकाळी जाऊन बघायला लागले. लेक उठायच्या आधी, चहाचं आधण चढेपर्यंतच्या वेळात. पहिल्या दिवशी नुसतं बघितलं. तिने पुढचं चाक बसवलं होतं आणि आसाच्या नटावर पिवळी रेघ ओढली होती. रंगाचा डबा त्यांचाच, कपाटाच्या खालच्या कप्प्यातला. ब्रशही त्यांचाच. रेघ बारीक होती, सरळ होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. लहानपणी डेपोत डबा घेऊन यायची तेव्हा त्यांनीच तिचा हात धरून शिकवलेली. रेघवाल्यांना ते बघून फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात लावला. चाक किंचित एका बाजूला लागत होतं, ते सरळ केलं. मग चाकाचे छरे पुन्हा बसवले, चेनचा ताण थोडा कमी केला. आता डेपोचा एक नियम असा, की ज्याची रेघ, त्याचाच पाना. दुसऱ्याने आवळून रेघ ओढलेल्या नटाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि लावलाच तर जुनी रेघ पुसून आपली ओढायची, म्हणजे काही झालं तर जबाबदार कोण ते कळतं. हा नियम रेघवाल्यांनी नव्या पोरांच्या डोक्यात इतका ठोकला होता की काही जण झोपेतही म्हणून दाखवतील. आणि आता स्वतःच्या घरात ते चोरासारखे तो मोडत होते. रेघ पुसली असती तर लेकीला कळलं असतं की बाप रोज येऊन तिची सायकल दुरुस्त करतो. म्हणून ते काम झालं की नट बरोबर तिथवर आवळायचे जिथे तिची रेघ पुन्हा जुळेल. हात इतका तयार होता की रेघ जुळायची आणि नटही पक्का बसायचा.

लेकीला कळत होतं की नाही, देव जाणे. ती काही बोलली नाही. बोलण्याची पद्धतच राहिली नव्हती.

त्या सकाळी त्यांची नजर हँडलवर गेली. सायकल जवळजवळ तयार होती. गडद निळा रंग वाळला होता, सीट आली होती. आदल्या संध्याकाळी लेकीने हँडल बसवलं होतं आणि मधल्या बोल्टवर रेघ ओढली होती. हा बोल्ट महत्त्वाचा. हँडलची दांडी चिमट्याच्या नळीत उतरते आणि हा एकच बोल्ट तिला आतून घट्ट धरून ठेवतो. तो घट्ट आहे तोवर हँडल वळलं की चाक वळतं. तो सैल झाला की हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे.

रेघवाल्यांच्या मते हँडल उंच होतं. चांगलं दोन बोटं उंच. असं हँडल त्यांनी डेपोतल्या शिपायाच्या सायकलीलाही चालवून घेतलं नसतं. त्यांनी बोल्ट सैल केला, वरून लाकडाच्या ठोकळ्याने दोन ठोके दिले, दांडी दोन बोटं खाली उतरवली आणि पुन्हा आवळायला सुरुवात केली. बोल्टने जेमतेम धरायला सुरुवात केली आणि रेघ जुळली. म्हणजे अजून एक पूर्ण फेरा हवा होता. तो दिला की रेघ पुन्हा त्याच जागी आली असती आणि बोल्टही पक्का झाला असता.

तेवढ्यात लेकीच्या खोलीची कडी वाजली.

रेघवाल्यांनी पाना काढला, ठोकळा कोपऱ्यात ढकलला आणि आत येऊन वर्तमानपत्र उघडलं. रेघ जुळलेली होती, बघणाऱ्याला काही दिसणार नव्हतं. ती बसने गेली की निवांत तो एक फेरा देऊन टाकू, असं ठरवून ते आंघोळीला गेले. सायकल रविवारी बाहेर काढणार असं तिने आईला सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. बदललेला बेत त्यांच्यापर्यंत पोचवायचं तिला काही कारण नव्हतं.

ते डोक्यावर पाणी ओतत असताना पुढचं दार वाजलं. आधी त्यांना काही वाटलं नाही. मग कानावर एक आवाज आला, मोकळ्या चाकाचा, बारीक आणि एकसारखा. छरे नीट बसले की चाक असं बोलतं. ते छरे त्यांनीच बसवले होते. तो आवाज गल्लीतून लांब गेला आणि विरला.

कसाबसा पायजमा चढवून ते व्हरांड्यात आले. चादर होती, डबे होते, सायकल नव्हती.

बायको म्हणाली, "आज सायकलवरच गेली. उताराखालच्या आजीबाईंचा निरोप आला, लघवीची नळी निघालीय म्हणून. निघताना सगळ्या रेघांवर बोट फिरवून बघितलं तिनं. सगळं बरोबर आहे म्हणाली."

गोदामाचा उतार रेघवाल्यांच्या डोळ्यांसमोर आला. लांबलचक उतार, दोन्ही बाजूंना गोदामांच्या दगडी भिंती, आणि तळाशी एकदम काटकोनात वळण. ब्रेक निकामी झालेला एक ट्रक त्या भिंतीत घुसलेला त्यांनी स्वतः ओढून काढला होता. सरळ रस्त्यावर तो बोल्ट टिकेल, हातांच्या भाराने हँडल आणि चाक बरोबर चालतील, आणि तिला काहीच जाणवणार नाही. त्या वळणावर ती जोरात हँडल वळवेल. चाक वळणार नाही.

त्यांनी फोन उचलून तिचा नंबर लावला. दोनदा वाजला आणि तिकडून बंद झाला. बापाचं नाव बघून तिने तो कापला असणार, इतक्या दिवसांत त्याची सवयच झाली होती. मग बायकोच्या फोनवरून लावला. तो वाजत राहिला, वाजत राहिला. एव्हाना फोन पिशवीत गेला असेल आणि पिशवी मागच्या कॅरियरला बांधली असेल. बायको विचारत होती, अहो, झालं काय, आणि ते पुन्हा नंबर लावत होते. आजवर कधी तिला निरोप पोचवायची त्यांना घाई नव्हती. आज एकच शब्द पोचवायचा होता आणि पोचवायला कोणी नव्हतं.

व्हरांड्यातला पाना उचलून ते तसेच पळत सुटले. अंगात ओलं बनियन, कानामागे साबण, पायात बायकोची चप्पल. गल्लीतल्या लोकांनी वळून बघितलं. एवढ्या वर्षांत रेघवाल्यांना कोणी पळताना पाहिलं नव्हतं. त्यांचा उजवा गुडघा कधीचा गेलेला होता, आणि दर पावलाला तो त्याची आठवण करून देत होता.

मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा उताराकडे जाणारी बस थांब्यावरून निघत होती. ते तिच्यासमोरच जाऊन उभे राहिले. चालवणारा डेपोतलाच डुलकी होता. या माणसाला आयुष्यात कधी स्टिअरिंगवर डुलकी लागली नाही, पण नुसता उभा राहिला तरी डोळे मिटलेले वाटायचे म्हणून हे नाव पडलेलं. त्या दिवशी त्याचे डोळे टक्क उघडे होते. हातात पाना घेतलेला ओलाचिंब माणूस आत चढल्यावर पुढच्या बाकावरची बाई उठून मागे गेली.

"निळी सायकल," रेघवाले धापा टाकत म्हणाले, "माझी पोरगी आहे. उतार यायच्या आत गाठ."

डुलकीने गिअर टाकला. मधले थांबे आले तसे तो थांबत गेला, नोकरीच ती, पण दार पुरतं उघडायच्या आत पुन्हा निघत होता. लोक कुरकुरत चढत होते. रेघवाले दाराच्या दांडीला धरून बाहेर मान काढून उभे होते. दुधाच्या गाड्या, रिक्षा, शाळेची पोरं, कुठेही निळं काही दिसलं की ते आणखी पुढे झुकायचे. दवाखान्याचा चौक गेला. मग बाजार गेला. चालत गेलं तर केवढा लांब वाटणारा रस्ता सायकलवर इतका लवकर संपतो याचा त्यांना संताप आला. चेन आपणच नीट केली, छरे आपणच बसवले. कमी चांगलं काम केलं असतं तर ती अजून बाजारातच असती, असं काहीबाही त्यांच्या मनात येत होतं.

आणि ती दिसली. ताठ पाठ, मागे पिशवी, एकसारखे पाय मारत चाललेली. सायकल इतकी छान चालत होती की त्या भीतीतही त्यांच्यातल्या फिटरने ते बघून घेतलं.

त्यांनी हाक मारली. तिने मान वळवली, बसच्या दारात लोंबकळणारा बाप पाहिला, हातातला पाना पाहिला. तिला काय वाटलं असेल ते सांगायला कोणी लागत नाही. सगळ्यांच्या देखत पुन्हा एकदा आपल्याला नावं ठेवायला आलेत, एवढंच वाटलं असेल. तिने मान पुढे केली आणि जोरात पाय मारायला लागली.

"सावकाश," ते ओरडले, "अगं, सावकाश जा." पण बसच्या आवाजात ते बुडालं.

डुलकीने हॉर्न वाजवला. तिने हाताने खूण केली, पुढे जा. एका हाताने. दुसरा एकटा हात हँडलवर. रेघवाल्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. बस आडवी घाल, असं ते डुलकीला म्हणाले. आत माणसं आहेत, रेघवाले, आडवी कशी घालू, असं तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. रेघवाले फिटर म्हणून तिथे असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. पण त्या घटकेला ते फिटर नव्हते. मग डुलकीने बस तिच्या पुढे काढली आणि उताराच्या तोंडाशी असलेल्या शेवटच्या थांब्यावर नेऊन उभी केली.

रेघवाले उडी मारून उतरले आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे रस्ता एकदम खाली जात होता.

ती येत होती. तिने त्यांना बघितलं, वेग थोडा कमी केला, पण थांबायचा विचार तिच्या चेहऱ्यावर नव्हता. ती त्यांना वळसा घालून निघून जाणार होती. ते त्यांच्या लक्षात आलं, आणि हेही, की वळसा घालायचा तर हँडल वळवावं लागणार होतं. बाजूला व्हावं तर ती उतारावर जाते. उभं राहावं तर ती वळवते. ते उभे राहिले.

तिने हँडल उजवीकडे वळवलं. हँडल वळलं. चाक सरळच आलं.

तिने उलटं पेडल दाबलं, पण तोवर सायकल त्यांच्यावर आली होती. चाक गुडघ्यावर आदळलं. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं, तर ते त्यांच्या हातात भलत्याच दिशेला फिरलं, मग चिमटाच कवटाळला आणि सायकलीसकट रस्त्यावर बसले. ती एका पायावर लंगडत कशीबशी उभी राहिली. बसच्या खिडक्यांत सगळी तोंडं होती. डुलकीने सगळं नीट पाहिलं, दोघंही धड आहेत एवढी खात्री केली, आणि मग बस उतारावरून खाली नेली.

लेक सायकलीकडे बघत होती. चाक सरळ, हँडल आडवं. तिने उताराकडे बघितलं, तळाच्या भिंतीकडे बघितलं, आणि पुन्हा हँडलकडे. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती आईशिवाय बापाशी बोलली.

"मी आवळला होता," ती म्हणाली. "रेघ पण बघितली निघताना. जुळत होती." थोडं थांबून ती हळूच म्हणाली, "माझ्याकडूनच राहिला असेल."

रेघवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. आता गप्प बसलं तरी भागत होतं. पाना हातात होता, बोल्ट आवळून दिला असता तर बापाने लेकीचा जीव वाचवला एवढीच गोष्ट घरी गेली असती. काका, आत्या सगळ्यांपर्यंत गेली असती. ती म्हणालीच होती, माझ्याकडूनच राहिला असेल. आयुष्यभर जे एकच काम त्यांनी चोख केलं होतं, ज्यावरून जगाने त्यांना नाव दिलं होतं, ते काम शाबूत राहिलं असतं. फक्त स्वतःच्या हातांवरचा तिचा जो काही विश्वास उरला होता तो त्यांनी दुसऱ्यांदा काढून घेतला असता.

"नाही," ते म्हणाले. "तू पक्का आवळला होतास. मी सैल केला."

तिने बोल्टवरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"आज सकाळी. मी रोज येतो. तुझी रेघ जुळवून ठेवतो, तुला कळू नये म्हणून. आज कडी वाजली आणि एक फेरा राहिला." त्यांना पुढचं बोलताना धाप लागली. "मी तुला मारलं असतं गं. माझ्या हाताने."

"पण सैल केलात कशाला?"

"हँडल उंच होतं. दोन बोटं."

"मी मुद्दाम उंच ठेवलं होतं. वाकलं की माझी पाठ भरून येते, दिवसभर माणसं उचलून." तिने डोळे पुसले, आणि ते रडू होतं की राग, तिचं तिला ठाऊक. "मला विचारायचं होतं ना, बाबा."

रेघवाले उठले. गुडघ्यातून रक्त येत होतं, तिने पिशवी सोडून पट्टी काढायला घेतली, तर ते म्हणाले, राहू दे, आधी हे. त्यांनी पाना तिच्या हातात दिला. स्वतः समोर उभं राहून पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांमध्ये गच्च धरलं, दुखऱ्या गुडघ्यासकट. तिने हँडल दोन बोटं वर घेतलं, सरळ केलं आणि आवळलं. मग दोन्ही हातांनी हँडल जोर लावून इकडे तिकडे वळवून बघितलं. ते जागचं हललं नाही. पुन्हा एकदा बघ, असं ते म्हणाले, आणि तिने बघितलं.

मग तिने त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधली. सुबक, घट्ट, रक्त थांबेल इतकीच. इतकी सफाई आपण कधी नीट पाहिलीच नाही, हे त्यांना लाजिरवाणं वाटलं.

ती पेडलवर पाय ठेवून निघायच्या बेतात होती तेव्हा त्यांनी विचारलं. कसं विचारायचं ते माहीत नव्हतं, म्हणून सरळच विचारलं.

"लग्न का मोडलंस?"

ती थांबली. उतारावरून वर येणाऱ्या एका हातगाडीला तिने वाट करून दिली.

"मला त्याची भीती वाटायची."

"त्याने काही केलं होतं?"

"काही केलं नव्हतं. म्हणून तर कोणाला सांगता येईना. काय झालं, असं विचारलं असतं तर काय सांगणार होते? काहीच नाही." ती त्यांच्या ओल्या बनियनकडे, आईच्या चपलेकडे बघत होती. "आज तुम्ही घरातून निघालात तेव्हा तरी काय झालं होतं, बाबा? काहीच नाही. तरी पळत आलात ना?"

आजीबाई वाट बघत असतील, एवढं बोलून ती उताराला लागली. उलटं पेडल दाबत, सावकाश, पाठ ताठ ठेवून ती खाली गेली. तळाच्या वळणावर तिने हँडल वळवलं, चाक वळलं आणि निळी सायकल भिंतीआड दिसेनाशी झाली. रेघवाले थांब्याच्या बाकावर बसले आणि भर रस्त्यात, लोक बघत असताना, लहान मुलासारखे रडले. परतीची बस आली आणि गेली, तरी ते उठले नाहीत.